गुंडाळी कीबोर्डच्या मेसेजला उत्तर

टायपिंग क्लासच्या आणि पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. चटईसारखा गुंडाळलेला सिलिकॉनचा कीबोर्ड, आणि खाली त्याचे फायदे: बोटं दुखत नाहीत, नळाखाली धुता येतो, कितीही गुंडाळा बिघडत नाही, आवाज नाही, प्रवासात कुठेही टायपिंग करा. शेवटी ठळक अक्षरांत, ‘जुना कीबोर्ड काढून टाका, मुलांना हाच घेऊन द्या.’

मी टायपिंग शिकवते. पालक हा मेसेज दाखवून ‘मॅडम, घेऊ का?’ असं विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. सरावासाठी घेऊ नका. का, ते एकेक मुद्दा घेऊन सांगते.

‘मऊ असल्यानं बोटं दुखत नाहीत.’ मेसेजमधला सगळ्यात चुकीचा मुद्दा हाच, आणि लोक भुलतात तेही यालाच. टेबलावरच्या साध्या कीबोर्डचं बटण तीन-चार मिलिमीटर खाली जातं. जाताना एक हलका टप्पा लागतो, त्यावरून बोटाला कळतं की अक्षर उमटलं, आणि बोट लगेच उचललं जातं. गुंडाळी कीबोर्डात बहुतेक वेळा बटण म्हणजे सिलिकॉनचा पोकळ फुगवटा असतो. त्याच्या आत मधोमध वीज वाहून नेणारा छोटा ठिपका असतो. तो खालच्या सर्किटला टेकला तरच अक्षर येतं. बोट जरा कडेला पडलं की फुगवटा तिरका दबतो आणि अक्षर गळतं. दोन-चार अक्षरं गळली की मुलं नकळत जोर वाढवतात आणि प्रत्येक बटण थेट टेबलावर ठेचायला लागतात. मग मनगट भरून येतं. बटण मऊ असलं म्हणून हाताला आराम मिळतोच असं नाही.

मराठी टायपिंगमध्ये तर याचा फटका दुप्पट बसतो. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत ख, घ, छ, थ, ध, फ, भ, ण, श, ळ ही सगळी अक्षरं शिफ्ट धरून येतात. शिफ्ट दाबायची करंगळीनं, म्हणजे सगळ्यात कमी जोराच्या बोटानं, आणि तेही रुंद बटणाच्या जिथं बोट पोहोचेल तिथं. साध्या कीबोर्डात बटण कडक असतं, कडेला दाबलं तरी पूर्ण खाली जातं. लांबलचक स्पेसबार तिरका होऊ नये म्हणून त्याच्याखाली वेगळी तारही असते. सिलिकॉनच्या पत्र्यात असा कसलाच आधार नाही. इंग्रजीत शिफ्ट चुकली तर मोठ्या अक्षराऐवजी लहान अक्षर येतं, वाचणाऱ्याला शब्द तरी कळतो. मराठीत शब्दच बदलतो. ‘वेळ’चा ‘वेल’ होतो, ‘थोडा’चा ‘तोडा’, ‘मूळ’चं ‘मूल’. अर्जात ‘शेताचा पूर्व भाग’ लिहायचं असतं, तिथं ‘पूर्व बाग’ छापून येतं. दोन्ही शब्द खरेच आहेत, त्यामुळे स्पेलचेकही लाल रेघ मारत नाही. आणि नजर उताऱ्यावर ठेवून टाइप करायला शिकलेल्या मुलाला स्क्रीनवर काय झालं ते ओळ संपेपर्यंत कळतही नाही.

राज्य परीक्षा परिषदेच्या जीसीसी-टीबीसी या कंप्युटर टायपिंगच्या परीक्षेला मिनिटाला 30 किंवा 40 शब्दांचा वेग लागतो. तो बोटांच्या सवयीवर येतो. घरी ठेचून दाबायची सवय लावायची आणि केंद्रावर साध्या कीबोर्डला बसायचं, यात मुलाचंच नुकसान आहे.

‘नळाखाली धुता येतो.’ अर्धंच खरं. बटणांचा भाग बंदिस्त असतो, पण एका टोकाला सर्किटची डबी असते आणि वायरीला यूएसबीची पिन. ती पिन ओली असताना कंप्युटरला लावली तर कीबोर्डबरोबर पोर्टही जाऊ शकतं. खोक्यावर आयपी67 असं लिहिलेलं आहे का, ते बघा. त्याचा अर्थ एक मीटर खोल साध्या पाण्यात अर्धा तास. गरम पाणी, साबण, सोडा यांची हमी त्यात नसते. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिलं असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही. शिवाय सिलिकॉनला केस आणि धूळ इतकी चिकटते की तो वारंवार धुवावाच लागतो.

‘कितीही गुंडाळा.’ आत प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर आडव्या-उभ्या वाहक रेघा असतात. एकाच जागी घडी पडत राहिली की रेघ तडकते, आणि एका रेघेवर अनेक बटणं असल्यानं ती सगळी एकदम बंद पडतात. सगळं बंदिस्त असल्यानं दुरुस्तीवालाही हात लावत नाही. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी तो सपाट ठेवावा. गुंडाळायचाच असेल तर डबीच्या उलट बाजूनं, सैल गुंडाळावा.

आवाज होत नाही, हे मात्र खरं आहे. रात्री बाळ झोपलेलं असताना दोन मेल लिहायचे असतील तर त्याचा उपयोग आहे.

प्रवासाचं म्हणाल तर खाली कडक, सपाट जागा हवीच. मांडीवर तो खचतो आणि बटणं लागत नाहीत. एसटीत मांडीवर पुस्तक, पुस्तकावर कीबोर्ड आणि टॅबलेट कुठं टेकवायचा, हा प्रश्न उरतोच.

मग ही वस्तू टाकाऊ आहे का? नाही. गॅरेज, शाळेची प्रयोगशाळा, दूध संकलन केंद्र, जिथं हात ओले किंवा तेलकट असतात आणि चार आकडे, एखादं नाव एवढंच टाकायचं असतं, तिथं मी स्वतः हाच घ्या म्हणेन. पुसला की काम झालं. मुलाच्या सरावासाठी मात्र चार-पाचशे रुपयांचा साधा वायरचा कीबोर्ड घ्या. घेताना दुकानातच कंप्युटरला लावून बघा: शिफ्टच्या अगदी टोकाला करंगळी ठेवून ख, भ, ळ येतात का, आणि एफ आणि जे या बटणांवरच्या बारीक उंचवटे बोटाला लागतात का.