व्हीएममधल्या घड्याळाला मालक एकच हवा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

व्हीएममधल्या (म्हणजे एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकातल्या) वेळेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप थोडक्यात देतो. गेस्टचं (म्हणजे व्हीएमचं) घड्याळ भरकटणं हा जुना आजार आहे, आताच्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात) तो उरलेला नाही. होस्टची (व्हीएम ज्यावर चालतात त्या सर्व्हरची) वेळ बरोबर असेल तर गेस्टने तीच घ्यावी, प्रत्येक व्हीएममध्ये क्रोनी (नेटवर्कवरच्या वेळेच्या सर्व्हरशी घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) चालवणं हा उगाच पसारा. आणि लहान संस्थांचं दोन-चार मिनिटांच्या फरकाने काही अडत नाही. यातला पहिला मुद्दा बराचसा मान्य. दुसरा अजिबात मान्य नाही, आणि तिसरा वाचून मी हे उत्तर लिहायला बसलो.

जुना आजार खरंच मोठा होता. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ५ च्या काळात कर्नल सेकंदाला १००० टिक (टायमरचे ठोके) मागायचा आणि त्या मोजून वेळ ठरवायचा. एका होस्टवर दहा व्हीएम नुसत्या बसून असल्या तरी सेकंदाला १०,००० इंटरप्ट (दर टिकला एक) पोचवावे लागत. व्हीएमला प्रोसेसर मिळायला उशीर झाला की टिक बुडायच्या, आणि भरपाई करता करता घड्याळ कधी मागे तर कधी पुढे जायचं.

केव्हीएम या लिनक्समधल्या व्हीएम चालवणाऱ्या यंत्रणेच्या केव्हीएम-क्लॉकने टिक मोजण्याची भानगडच संपवली. होस्ट मेमरीच्या एका छोट्या तुकड्यात गेस्टसाठी आकडे लिहून ठेवतो: अमुक क्षणी प्रोसेसरचा टीएससी काउंटर (सतत वाढत जाणारा आकडा) किती होता, तेव्हा वेळ किती होती, काउंटरमधल्या फरकाला कितीने गुणायचं. गेस्ट आत्ताचा काउंटर वाचतो, वजाबाकी आणि गुणाकार करतो, की वेळ तयार. त्याच तुकड्यात एक आवृत्ती क्रमांक असतो. तो विषम दिसला तर होस्ट आकडे बदलतोय असं समजून गेस्ट पुन्हा वाचतो. मला ही रचना फार देखणी वाटते. व्हीएम प्रोसेसरवाचून खोळंबली तरी काउंटर थांबत नाही, त्यामुळे मधली वेळ हरवत नाही.

पण यावरून ‘आता गेस्टची वेळ होस्टबरोबरच चालते’ असा जो अर्थ तुम्ही काढलात, तो बरोबर नाही. आज किती वाजले हे गेस्ट होस्टला विचारतो ते बूट होताना. पुढचा हिशोब तो स्वतः ठेवतो. होस्टने नंतर एनटीपीवरून (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) आपलं घड्याळ मिळवलं तरी ती दुरुस्ती गेस्टपर्यंत पोचेलच असं नाही. वेगात २० पीपीएमची (दहा लाखांत वीस) चूक राहिली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद जातात. महिनोन् महिने रीबूट न होणाऱ्या सर्व्हरवर ही चूक साठत जाते.

तुमचा यावर उपाय म्हणजे हायपरवायझरच्या (होस्टवर व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) टूल्सनी गेस्टला वेळ लावायची. इथेच माझा विरोध आहे. एका पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळत होतो. होस्ट दोन, त्यातल्या दुसऱ्यावर एनटीपी कधी कुणी चालूच केलेलं नव्हतं, तो चार मिनिटं मागे होता. देखभालीसाठी व्हीएम त्या होस्टवर हलवली आणि टूल्सनी इमानेइतबारे गेस्टचं घड्याळ चार मिनिटं मागे नेलं. लॉगमध्ये ११:४२ ची नोंद आणि तिच्या खाली ११:३८ ची. लॉगिन चालूच राहिलं, कारण कर्बरोस (लॉगिन तपासणारी यंत्रणा) पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतो. पहिली तक्रार आली ती ‘मोबाइल ॲपमधला ओटीपी चालत नाही’ अशी. तो कोड दर ३० सेकंदांना बदलतो, चार मिनिटांपूर्वीच्या घड्याळाला तो कसा पटणार?

आणि गेस्टमध्ये क्रोनी होता की! पण नेहमीच्या सेटिंगमध्ये तो सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन अपडेटपुरताच घड्याळाला थेट उडी मारायला लावतो. त्यानंतर वेग कमी-जास्त करून हळूहळू भरपाई करतो, तीही जास्तीत जास्त सेकंदाला एक-बारांश सेकंद. म्हणजे चार मिनिटं भरून काढायला निदान ४८ मिनिटं. तेवढा वेळ त्या सर्व्हरवरची प्रत्येक व्यवहाराची वेळ खोटी होती. बिघाड क्रोनीचा नव्हता. एकाच घड्याळाला दोघं हात लावत होते, आणि त्यातला एक चुकीची वेळ सांगत होता.

म्हणून गेस्टचं घड्याळ फक्त क्रोनीने लावावं, टूल्सचा सिंक बंद ठेवावा. व्हीएमवेअर या हायपरवायझरमध्ये नुसता नियमित सिंक बंद करून भागत नाही. स्नॅपशॉट (व्हीएमची स्थिती जतन करणं), रिझ्यूम (थांबवलेली व्हीएम पुन्हा चालू करणं) आणि मायग्रेशनच्या (होस्ट बदलण्याच्या) वेळचा एकवेळचा सिंक तरीही होतो, तो वेगळा बंद करावा लागतो. क्रोनीला वेळ विचारायला एनटीपी सर्व्हर किमान चार द्या. दोनच दिले आणि त्यांचं आपसात पटलं नाही, तर खरं कोण हे क्रोनीला ठरवता येत नाही. होस्टवर विश्वास ठेवायचाच असेल तर केव्हीएममध्ये त्याची रीतसर वाट आहे: २०१७ च्या ४.११ कर्नलपासून पीटीपी-केव्हीएम ड्रायव्हर होस्टचं घड्याळ गेस्टमध्ये उपकरणासारखं दाखवतो. क्रोनी ते इतर स्रोतांच्या शेजारी ठेवून तपासतो. अर्थात आधी होस्टवर एनटीपी हवंच.

राहिला लहान संस्थांचा मुद्दा. सर्ट-इनने (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) एनटीपी सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहेत आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेत. त्यामागचं कारण कुणालाही पटावं. एखाद्या खातेदाराचे पैसे गेले तर बँकेचा लॉग, फायरवॉलचा लॉग आणि मोबाइल कंपनीची नोंद शेजारी शेजारी ठेवून आधी काय घडलं ते शोधतात. त्यातलं एक घड्याळ चार मिनिटं मागे असेल तर पैसे आधी गेले की पासवर्ड आधी बदलला, हेच सांगता येत नाही. पतसंस्थेत पैसे ठेवणाऱ्या माणसाला मोठ्या बँकेच्या खातेदारापेक्षा कमी पुरावा मिळावा, हे मला मान्य नाही.

तुमच्याकडेही दोन होस्ट आहेत असं तुम्ही लिहिलंय. दोन्हींवर ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ ही क्रोनीची स्थिती दाखवणारी आज्ञा चालवा आणि ‘सिस्टम टाइम’ची ओळ इथे टाका. मग एखादी बिनमहत्त्वाची व्हीएम एकावरून दुसऱ्यावर हलवून गेस्टमध्ये तेच पुन्हा बघा. तिथे फरक दिसला तर टूल्सची कोणती सेटिंग बदलायची ते तुमची आवृत्ती बघून सांगतो.