जुना पीसी नवीन हार्डडिस्क ओळखत नाही म्हणे! कुठे ओळखत नाही ते तरी बघा

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. म्हणणं असं की डेस्कटॉप दहा-बारा वर्षं जुना असेल आणि त्याची हार्डडिस्क गेली तर नवीन डिस्कवर पैसे घालू नका, कारण आताच्या डिस्क साटा ३ (डिस्क जोडायच्या साटा पद्धतीची तिसरी पिढी) असतात आणि जुना मदरबोर्ड त्या ओळखतच नाही, २ टीबीच्या वरचं तर नावच काढू नका, एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) लावून काही फरक पडत नाही, फार तर बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डातला प्रोग्रॅम) अपडेट करून बघा नाहीतर सरळ नवीन मशीन घ्या. यातलं थोडं खरं आहे, पण ते थोडं नेमकं कुठलं हे मेसेजवाल्यालाच माहीत नाही.

पहिलं, साटा ३ चं. साटाचे स्पीड तीन, १.५, ३ आणि ६ गिगाबिट, कनेक्टर तिन्हीला तोच. मशीन चालू झालं की बोर्ड आणि डिस्क आपसात ठरवतात आणि दोघांना जमेल त्या स्पीडवर येतात. आपल्याकडे घरोघरी असलेले ते इंटेलच्या जी३१ चिपसेटचे (बोर्डावरची मुख्य चिप) बोर्ड घ्या, त्यांचे पोर्ट ३ गिगाबिटचे, म्हणजे सेकंदाला तीनशे एमबीच्या आतबाहेर, आणि फिरणारी डिस्क स्वतःच दीड-दोनशेच्या आसपास देते, मग अडलं कुठे? अपवाद आहे, नाही असं नाही. व्हीआयएचा व्हीटी८२३७ आणि ८२३७आर हा चिपसेट ३ गिगाबिटच्या डिस्कशी बोलताना अडकतो, डिस्कच्या पिनांवर जम्पर (छोटी टोपी) लावून १.५ वर आणावं लागायचं. पण तो जमाना पेंटियम ४ आणि अ‍ॅथलॉनचा, मेसेजमध्ये म्हणतायत त्या मशीनचा नाही.

आता मुख्य मुद्दा, "ओळखत नाही". कुठे ओळखत नाही? माय कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही म्हणजे बोर्डाला दिसत नाही असं होत नाही हो! नवीन डिस्क कोरी येते, तिच्यावर पार्टिशनच नाही तर डी किंवा ई अक्षर येणार कुठून. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, मॅनेज, डिस्क मॅनेजमेंट, तिथे खाली "नॉट इनिशियलाइज्ड" लिहिलेली काळी पट्टी दिसली की डिस्क ठणठणीत आहे, इनिशियलाइज करा, न्यू सिंपल व्हॉल्यूम करा, झालं. (डिस्क जुनी असेल, आत फोटोबिटो असतील आणि तरी विंडोज इनिशियलाइज करू का विचारत असेल तर मात्र हात लावू नका, ते प्रकरण वेगळं.)

तिथेही नसेल तर बायोस. डेलच्या जुन्या ऑप्टिप्लेक्स डेस्कटॉपमध्ये एफ२ दाबून आत गेलं की ड्राइव्ह्जखाली साटा-०, साटा-१ असे पोर्ट एकेक करून ऑन-ऑफ करता येतात, आणि वापरात नसलेला पोर्ट बऱ्याचदा ऑफ असतो. तुम्ही डिस्क नेमकी त्यातच खोचलीत तर ती जन्मात दिसणार नाही. उलटंही होतं, पोर्ट ऑन आहे पण डिस्क काढून दुसरीकडे लावली, मग चालू करताना "ड्राइव्ह १ नॉट फाउंड" येऊन मशीन एफ१ ची वाट बघत बसतं आणि माणूस समजतो डिस्क गेली.

बायोसमध्येही नसेल तर डिस्कवर हात ठेवा. फिरतेय का? फिरत असेल तर डेटा केबल आणि पोर्ट बदलून बघा. फिरतच नसेल तर पॉवर. बाहेरून लावायच्या मोठ्या यूएसबी ड्राइव्हची खोकी फोडून काढलेल्या डिस्क हल्ली बरेच जण लावतात, त्यातल्या काहींमध्ये पॉवर कनेक्टरची तिसरी पिन डिस्क बंद ठेवायला वापरलेली असते, जुन्या एसएमपीएसमधून (पॉवर सप्लाय) त्या पिनवर ३.३ व्होल्ट येतात आणि डिस्क उठतच नाही. त्या पिनेवर कॅप्टॉन टेपची (वीज न जाणारी पिवळी टेप) बारीक पट्टी लावली की उठते. मोलेक्स-टू-साटा केबलनेही (मोलेक्स म्हणजे जुना चार पिनांचा पॉवर कनेक्टर) जमतं, पण ती स्वस्तातली वितळवून चिकटवलेल्या कनेक्टरची घेऊ नका, आतल्या तारा शॉर्ट होऊन जळतात.

२ टीबीचं अर्धसत्य आहे. डिस्कवरच्या पार्टिशनची नोंद ठेवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत सेक्टरचा (डिस्कवरचा छोटा कप्पा) नंबर ३२ बिटचा, सेक्टर ५१२ बाइटचा, गुणाकार करा, २.२ टीबीच्या पुढे पोचत नाही. जीपीटी (त्याच नोंदीची नवी पद्धत) केलं की ती अडचण संपते, विंडोज ७ जुन्या बायोसवरसुद्धा ४ टीबीची डिस्क डेटासाठी वापरतं, फक्त त्या डिस्कवरून विंडोज बूट करायला यूईएफआय (बायोसची नवी पिढी) लागतं. म्हणून विंडोज छोट्या डिस्कवर आणि फोटो-सिनेमे मोठीवर. ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दिसली तर तोही बोर्डाचा दोष नाही, इंटेलचा जुना स्टोरेज ड्रायव्हर असतो बहुतेक. ३२ बिट एक्सपीवाल्यांना मात्र जीपीटी वाचता येत नाही, तिथे मेसेज बरोबर.

आणि बायोस अपडेट! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अपडेट अर्ध्यात असताना लाइट गेली तर चालता बोर्ड हातचा जातो. त्याआधी बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बघा. डिस्क बदलताना आपण प्लग काढतो, सेल मेलेला असेल तर तेवढ्यात सगळी सेटिंग पुसली जातात, साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयचा आयडीई होतो किंवा उलट, आणि जुन्याच डिस्कवरचं विंडोज ०x००००००७बी ची निळी स्क्रीन देतं. दोष सगळा नव्या डिस्कवर! घड्याळ मागच्या कुठल्यातरी सालात गेलेलं दिसलं की समजा सेल संपलाय. सेल बदला, मोड पूर्वीचा करा.

एसएसडीचं म्हणाल तर साटा २ वर पूर्ण स्पीड मिळत नाही हे खरं, पण फरक फाइल शोधण्याच्या वेळात पडतो आणि तो जुन्या मशीनवरच जास्त जाणवतो. दुकानात फक्त २.५ इंची साटाची मागा, कारण नुसतं एसएसडी म्हटलं की हल्ली एम.२ ची एनव्हीएमई (बोर्डावरच खोचायची पट्टीसारखी नवी एसएसडी) पुढे करतात आणि ती लावायला तुमच्या बोर्डावर जागाच नसते.

बोर्डावर फक्त आयडीईच्या (साटाच्या आधीची जोडणी) रुंद पट्ट्या असतील, साटा पोर्ट एकही नसेल, तर कन्व्हर्टर आणि पीसीआय कार्डं मिळतात पण तिथे मीही सांगेन की पैसे घालू नका. बाकी कुणी "बोर्ड सपोर्ट करत नाही" म्हणालं तर तीच डिस्क दुसऱ्या मशीनला आणि दुसरी चालती डिस्क तुमच्या मशीनला लावून दाखवायला सांगा.