मुंकच्या 'द स्क्रीम'बद्दल फिरणारा तो मेसेज

नॉर्वेचे चित्रकार एडवर्ड मुंक यांच्या 'द स्क्रीम' या चित्रावर सध्या एक मेसेज फिरतोय: चित्रातला माणूस किंचाळतोय, चित्रावर पक्ष्याची विष्ठा पडली आहे आणि कोपऱ्यातली ओळ कुणा चिडलेल्या प्रेक्षकाने खरडली आहे. तिन्ही दावे चुकीचे.

माणूस किंचाळत नाही, कान झाकतोय. सूर्यास्ताच्या वेळी निसर्गातून आरपार गेलेली किंकाळी जाणवली, असं मुंक यांनीच लिहून ठेवलंय.

मुंक यांनी हे चित्र एकाहून जास्त वेळा काढलं. त्यातल्या १८९३च्या, ऑस्लोतील राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या चित्रावर पांढरे डाग आहेत. २०१६मध्ये अँटवर्प विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी क्ष-किरणांनी ते तपासले. निघालं मेणबत्तीचं मेण. तसंही हे चित्र नाजूक पुठ्ठ्यावर आहे, ते उघड्यावर ठेवलं असण्याची शक्यता कमीच. विष्ठा पडली असती तर खालचा रंग खाऊन टाकला असता.

'हे फक्त वेडा माणूसच रंगवू शकतो' ही डाव्या वरच्या कोपऱ्यातली पेन्सिलची ओळ २०२१मध्ये अवरक्त (इन्फ्रारेड) छायाचित्रणाने स्पष्ट दिसली. मुंक यांच्या डायऱ्या-पत्रांशी ताडल्यावर अक्षर त्यांचंच ठरलं. १८९५मध्ये त्यांच्या मनःस्वास्थ्यावर जाहीर शंका घेतली गेली होती. हा बहुधा त्याला दिलेला बोचरा टोला.

'चित्र चोरीला गेलं' असंही सांगितलं जातं, पण तेही अर्धवटच. १९९४मध्ये चोरलं गेलं ते हे १८९३चं, २००४मध्ये मुंक संग्रहालयातलं, नंतर काढलेलं दुसरं. या दुसऱ्यातला कॅडमियमचा पिवळा रंग फिकट होतोय, पापुद्रे सुटताहेत. २०२०च्या अभ्यासानुसार मुख्य दोषी प्रकाश नव्हे, हवेतला दमटपणा. म्हणून आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचा सल्ला आहे.