"१५ बारचं मशीन ९ बारवर आणा, कडवटपणा गायब": या मेसेजमधलं खरं किती, खोटं किती

कॉफीवाल्यांच्या ग्रुपांमध्ये एक मेसेज सारखा फिरतोय, रील पण झालीयेत त्यावर. मजकूर साधारण असा: घरगुती एस्प्रेसो मशीन कंपनीतूनच १५ बारवर (बार हे दाबाचं माप) सेट होऊन येतं, एवढ्या प्रेशरने कॉफी जळते म्हणून ती कडू लागते, इटालियन लोकांनी शास्त्रीय पद्धतीने ९ बार हा आकडा ठरवलेला आहे, तेव्हा मशीनचं झाकण उघडा, आतल्या ओपीव्हीचा (ओव्हर-प्रेशर व्हॉल्व्हचा, म्हणजे जास्तीचा दाब सोडून देणाऱ्या झडपेचा) स्क्रू अर्धा फेरा सैल करा, क्रेमा (कॉफीवरचा फेस) जाड होईल, चव कॅफेसारखी येईल, दहा मिनिटांचं काम आहे, कुठल्याही मशीनला चालतं.

यातलं सगळंच खोटं असतं तर लिहायची गरजच नव्हती. अर्धवट खरं आहे म्हणून लोक पाना घेऊन बसतात.

पहिलं ते १५ बारचं. खोक्यावर जो १५ चा आकडा असतो तो पंपाचा असतो, कॉफीवर पडणाऱ्या दाबाचा नसतो. बहुतेक घरगुती मशीनमध्ये व्हायब्रेशन पंप असतो, एक कॉइल, त्यात एक छोटा पिस्टन, आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होणारा, आणि तो १५ बार कधी देतो तर पुढचा रस्ता पूर्ण बंद असताना, म्हणजे पाणी अजिबात वाहत नसताना. पाणी वाहायला लागलं की दाब उतरतो, जेवढं जास्त वाहील तेवढा जास्त उतरतो. मग तुमच्या कॉफीला नक्की किती मिळतो? ते ठरवते तुमची कॉफीच. दळण जाड आहे, डोस (एका वेळी टाकलेली पूड) कमी आहे, तर पाणी धो धो निघून जातं आणि गेजचा काटा चार-पाचच्या पुढे सरकत नाही, शॉट (एका वेळी काढलेली एस्प्रेसो) दहा सेकंदांत संपतो. दळण बारीक आणि बास्केट (पूड भरायची भोकांची वाटी) नीट भरलेली असेल तर अडथळा तयार होतो आणि मगच दाब चढतो.

ओपीव्ही काय करतो मग? कुकरच्या शिट्टीचं काम करतो. शिट्टी वाफ तयार करत नाही, ठरलेल्या दाबाच्या वर गेलं की सोडून देते, बस. ओपीव्हीसुद्धा स्प्रिंगने ठरवलेल्या दाबाच्या वरचं पाणी परत टाकीत (काही मशीनमध्ये खालच्या ट्रेमध्ये) सोडून देतो. तेव्हा तुमचा शॉट मुळात सहा बारलाच अडकलेला असेल तर ओपीव्ही उघडतच नाही, तुम्ही तो १२ वरून ९ ला आणा नाहीतर देव्हाऱ्यात ठेवून पूजा करा, कपात काही फरक पडणार नाही. आणि हा मेसेज वाचून उत्साहात येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे बाजारातली तयार पूड असते, जी एस्प्रेसोसाठी जाडच असते. त्यांचा प्रश्न प्रेशर जास्त असण्याचा नाही, उलटा आहे.

खोक्यावर २० बार लिहिलेलं असतं ते पण असंच, आकड्यांची चढाओढ. ब्रेव्हिल ही मशीन बनवणारी कंपनी तर स्वतःच सांगते की पंप १५ चा आणि कॉफी ९ ला निघते. म्हणजे "१५ बारवर सेट होऊन येतं" हे सरसकट विधान इथेच गळून पडतं.

आता "प्रेशरने कॉफी जळते". हे वाचून मला खरंच हसू आलं, कारण इतिहास बरोब्बर उलटा आहे. १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेझेराने पेटंट घेतलेली जी मशीन होती ती बॉयलरमधल्या वाफेच्या जोरावर चालायची, दाब जेमतेम दीड बार, आणि कॉफी जळकट, कडू लागायची, कारण पाणी आणि वाफ फार तापलेली असायची. आकिले गाज्जियाने ती वाफ बाजूला काढायचं ठरवलं, १९३८ चं पेटंट, आणि युद्धानंतर १९४८ च्या सुमाराला त्याची लिव्हरवाली मशीन आली, तीत स्प्रिंगच्या जोराने पिस्टन पाणी ढकलतो, दाब आठ-दहा बारपर्यंत जातो. दाब कैक पटींनी वाढला आणि जळकट चव कमी झाली! कॉफी जळते ती तापमानाने, नाहीतर बिया भाजायच्या रोस्टरमध्येच जळलेली असते. दाबाने जळत नाही.

पुढे "९ बार शास्त्रीय पद्धतीने ठरवलेला आकडा". या मुद्द्यावर जरा थांबतो कारण इथे लोक फार भाविक होतात. गाज्जियाच्या लिव्हरमध्ये दाब एका आकड्यावर राहतच नव्हता, स्प्रिंग ढिली होत जाते तसा तो शॉटभर उतरत जातो, आजही लिव्हर मशीनमध्ये तेच होतं आणि त्या कॉफीला नावं ठेवणारा मला तरी भेटला नाही. सलग ९ बार आला १९६१ मध्ये, फाएमा कंपनीच्या ई६१ मशीनमध्ये, विजेच्या मोटरवर चालणारा पंप आला म्हणून (नावातला ई त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून, हे जाता जाता). लिव्हरने जी कॉफी लोकांच्या जिभेवर बसवली होती तिच्या जवळपासचा एक स्थिर दाब, आणि मग जगभरची मशीन त्याच मापाने बनत गेली. इटलीच्या राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेच्या प्रमाणात ९ बार आहे हे खरं, पण तिथे ९ अधिक-उणे १ आहे, आणि त्याच्याच शेजारी ७ ग्रॅम कॉफी, कपात २५ मिलिलिटर, २५ सेकंद, ८८ अंशांचं पाणी असंही आहे. आपण १८ ग्रॅम टाकतो, ३६ ग्रॅम काढतो, कधी कधी चिकमगळूरची लाइट रोस्ट (कमी भाजलेली कॉफी) वापरतो आणि त्या अख्ख्या यादीतला एकच आकडा उचलून धरतो. हे कसं काय शास्त्र?

२०२० मध्ये मॅटर नावाच्या जर्नलमध्ये ओरेगन विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर हेंडन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला होता, त्यात गणिती मॉडेल आणि प्रयोग दोन्हींमधून असं निघालं की फार बारीक दळलं तर पाणी सगळ्या पुडीतून सारखं जात नाही, उलट थोडं जाड दळून कमी कॉफी घेतली तर शॉट जास्त सारखे येतात. त्यानंतर सहा बारला, जाड दळून, पंधरा-वीस सेकंदांत शॉट काढणारे लोक तयार झाले आणि लाइट रोस्टला ते छान लागतंही. तर ९ हा चांगला, रुळलेला आकडा आहे एवढंच म्हणता येईल.

कडवटपणाचं काय? इथे मेसेजला थोडं झुकतं माप देतो. ज्या मशीनचा ओपीव्ही खरंच १२-१३ ला लावलेला असतो आणि दळण पण बारीक असतं तिथे दाब खाली आणल्याने शॉट सुधारू शकतो. दाब जास्त झाला की पुडीचा थर दबून घट्ट होतो, पाणी कुठेतरी कमकुवत जागा शोधून तिथूनच घुसतं, याला चॅनलिंग म्हणतात, मग त्या वाटेवरची कॉफी जास्त धुतली जाते आणि बाकीची तशीच राहते, कप एकाच वेळी कडू आणि आंबट. नऊच्या आसपास आणलं की दळणात, टॅम्पमध्ये (पूड दाबण्यात) थोडं उन्नीस-बीस झालं तरी शॉट सांभाळून घेतो. हा फायदा खरा आहे. पण त्याला "कडवटपणा जातो" म्हणणं म्हणजे कायच्या काय, कारण डार्क रोस्ट असेल, मशीन स्टीम करून लगेच शॉट काढलेला असेल (बॉयलर तेव्हा भलताच तापलेला असतो, आधी थोडं पाणी काढून टाकावं लागतं), किंवा १८ ग्रॅममधून ६० ग्रॅम पिळून काढत असाल तर दाब कितीही करा, कडूच लागणार. दाब बदलला की शॉटची वेळही बदलते, म्हणजे दळण परत जुळवावं लागतं, आणि लोक दाब, दळण, बीन्स सगळं एकाच आठवड्यात बदलतात आणि श्रेय स्क्रूला देतात.

क्रेमा जाड होतो म्हणे. क्रेमा म्हणजे दाबाखाली विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर येताना झालेला फेस, त्यात कॉफीची तेलं. रोस्ट ताजा असेल तर जास्त, रोबस्टा जातीची कॉफी असेल तर अजून जास्त, म्हणूनच आपल्याकडची कापी रॉयल ही धुतलेली रोबस्टा इटालियन ब्लेंडमध्ये जाते. दाब कमी करून क्रेमा वाढवायचा हे गणित मला कळलेलं नाही.

आणि दोन तळांची बास्केट असेल, म्हणजे खाली एकच बारीक भोक असलेली, तर तिथे अडथळा मुख्यतः ते भोक करतं. फेस त्या भोकाने येतो. अशा बास्केटवर बसून ओपीव्हीची चर्चा करण्यात अर्थ नाही, आधी साधी एका तळाची बास्केट आणि बरा ग्राइंडर घ्या.

आता सगळ्यात धोकादायक ओळ: कुठल्याही मशीनला चालतं, दहा मिनिटं. नाही चालत. रान्सिलिओ सिल्व्हियात स्क्रू आहे, फिरवता येतो. गाज्जिया क्लासिक प्रोमध्ये, २०१९ वाल्या, स्क्रू नाही, स्प्रिंगच बदलावी लागते, आणि २०२३ नंतरच्या इव्हो प्रोमध्ये ९ ची स्प्रिंग कंपनीतूनच येते, म्हणजे तिथे मेसेज ऐकून अजून खाली आणाल तर ते वेगळंच काहीतरी होईल. बऱ्याच स्वस्त थर्मोब्लॉक (बॉयलरऐवजी पाणी जाता जाता तापवणाऱ्या) मशीनमध्ये जो व्हॉल्व्ह असतो तो फक्त सुरक्षेसाठी असतो, त्याला फिरवायची सोयच नसते.

रोटरी (मोटरने फिरणाऱ्या) पंपवाल्या महागड्या मशीनमध्ये तर चक्क नुकसान होतं. तिथे दाब पंपावरच्या स्क्रूने लावतात. आत अजून एक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असतो, साधारण १२ बारला लावलेला, पाणी तापून फुगलं की वाढणारा दाब सोडायला. मेसेज वाचून कोणी तो ९ च्या खाली आणला तर प्रत्येक शॉटला पाणी ट्रेमध्ये गळत बसेल आणि मालक म्हणेल पंप गेला.

मोजायचं कशाने तेही मेसेजमध्ये नाही, नुसता अर्धा फेरा! कोणाच्या मशीनमध्ये अर्ध्या फेऱ्याने किती बार उतरतात हे कोण सांगणार? मशीनवर गेज नसेल तर गेज लावलेला पोर्टाफिल्टर (बास्केट बसवायचा दांडा) लागतो. त्यात पाणी बाहेर जायला वाट नसते, पंपाचं सगळं पाणी ओपीव्हीतूनच परत जातं, म्हणून काटा खऱ्या शॉटपेक्षा थोडा जास्त दाखवतो, अर्धा ते एक बार. शॉटला ९ हवे असतील तर बंद तोंडावर साडेनऊ-दहा दिसले पाहिजेत. हे न कळल्याने कित्येक जण आठवर जाऊन बसतात. आणि ज्या मशीनला थ्री-वे सोलेनॉइड (शॉट संपला की उरलेला दाब सोडणारा व्हॉल्व्ह) नाही तिथे पंप बंद केल्यावरही आत दाब राहतो, लगेच पोर्टाफिल्टर काढला तर गरम पाणी अंगावर. थोडा वेळ थांबायचं, स्टीमचा नॉब उघडून दाब सोडायचा. झाकण काढताना प्लग काढलेला, मशीन गार झालेलं, कारण आत बॉयलरच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट असतात, आणि वॉरंटी चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

तर कोणी फिरवावा? ज्याच्याकडे गेज आहे, एका तळाची बास्केट आहे, ग्राइंडरवर दळण जुळवून २५-३० सेकंदांचा शॉट येतोय, आणि तरी काटा ११-१२ च्या वर जातोय, त्याने जरूर फिरवावा. नऊ आहे की साडेनऊ यासाठी झाकण उघडू नका. फिरवताना थोडं थोडं, स्क्रू सैल केला की दाब कमी, घट्ट केला की जास्त, प्रत्येक वेळी गेज बघून. जिथे लॉकनट आहे तिथे तो आवळताना स्क्रूही थोडा सोबत फिरतो, तेव्हा नट आवळून झाल्यावर काटा परत एकदा बघा, झाकण त्यानंतर लावा.