इसब म्हणजे रक्तातली घाण नव्हे

'इसब हा कातडीचा रोगच नाही, रक्तातली घाण बाहेर पडतेय. मलम लावून ती आत दाबू नका, नाहीतर दमा होईल. कडुलिंबाच्या कढत पाण्यानं आंघोळ घाला, खसखसून पुसा, कातडी कोरडी ठेवा. दूध, अंडी, वांगी, शेंगदाणे बंद. जवळ कुणाला झोपवू नका, लागण होते. २१ दिवसांत इसब मुळापासून जातो.' हा मेसेज मला आधी भिशीच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या, मग माहेरच्या. मला लहानपणापासून इसब आहे. आणि सोलापुरात आमच्या गल्लीतल्या तीन वर्षांच्या पोरीवर हा मेसेज जसाच्या तसा करून बघितला गेला, म्हणून एकेका वाक्याला उत्तर देतेय.

आधी रक्त. रक्तात घाण वगैरे काही साठलेली नसते. कातडीचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो आणि विटांच्या मध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा असतो. इसब असणाऱ्यांचा हा गिलावा मुळातच कमी पडतो. ही भिंत घट्ट ठेवणारं फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकातला दोष अनेकांच्या इसबाच्या मुळाशी असतो, हे २००६ साली समोर आलं. भिंत झिरपायला लागली की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरून साबण, धूळ, जंतू आत शिरतात. मग शरीर खवळतं, कातडी लाल होते, खाज सुटते, आणि खाजवलं की भिंत आणखी ढासळते. माझ्या आजोळी मंगळवेढ्याकडं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, घर होतं. मृग लागायच्या आत धाब्यावर पांढरी माती पडायचीच, कारण गळायला लागल्यावर वर चढून उपयोग नसायचा. इसबाच्या कातडीची रोजची निगा मला तशीच वाटते.

दम्याच्या वाक्यानं आया फार घाबरतात. इसब असलेल्या काही मुलांना पुढं दमा होतो, हे खरं आहे. पण दोन्हींच्या मागं ॲलर्जीची एकच प्रवृत्ती असते. इसब आधी दिसतो, दमा नंतर, आणि मधल्या काळात मलम लावलेलं असतं. म्हणून बिचाऱ्या मलमावर आळ येतो.

आता आंघोळ. त्या पोरीला मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. गुडघ्यामागच्या लवणीत कातडी लालबुंद, चकचकीत, लस येत असलेली. फ्रॉक तिथं चिकटला होता आणि आई पाण्याचा हात लावून लावून तो सोडवत होती. पोर रडतही नव्हती, दोन्ही हातांनी पाय घट्ट धरून बसली होती. कढत पाण्यानं खाज घटकाभर थांबते, हे मला अनुभवानं ठाऊक आहे, म्हणूनच लोक फसतात. पण तेच पाणी उरलासुरला गिलावा धुऊन नेतं आणि तासाभरात खाज दुप्पट होते. कडुलिंबाचा काढा, लिंबू, मीठ, पाण्यातलं जंतुनाशक, हे सगळं चिरलेल्या कातडीला झोंबतं.

पाणी कोमट हवं, आणि पाच-दहा मिनिटं पुरे. आपल्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा एका बादलीत भागतं ही चांगलीच गोष्ट. साबण काखा, जांघा, पाय एवढ्यापुरताच आणि बिनवासाचा, सौम्य. बोअरच्या जड पाण्यात फेस येत नाही म्हणून आपण साबण जास्त घासतो, ते टाळा. टॉवेल आपल्याच सोलापूरचा असला तरी नवा कोरा खरखरीत असतो. चार-सहा धुण्यांनी मऊ झालेला घ्या, आणि त्यानं पुसायचं नाही, टिपायचं. अंग किंचित ओलं असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावायचं.

'कातडी कोरडी ठेवा' हे मला या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य वाटतं. ते नायट्यासाठी ठीक आहे. नायटा बुरशीनं होतो, त्याची गोल कडा पसरत जाते आणि ओलाव्यात तो फोफावतो. इसबाचं नेमकं उलट. सगळ्या अंगावर इसब असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला पाव ते अर्धा किलो मॉइश्चरायझर लागतं, लहान मुलाला साधारण त्याच्या निम्मं. आपण लावतो हरभऱ्याएवढं, आणि मग म्हणतो गुण येत नाही. महागड्या बाटलीची गरज नाही, बिनवासाची साधी पेट्रोलियम जेलीही चालते. खोबरेल बऱ्याच जणांना मानवतं. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मात्र नको. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना जाड जेलीखाली घाम कोंडतो, तेव्हा दिवसा हलकं क्रीम आणि रात्री जेली. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत, दोन्ही वेळा जाडच. डबीतून स्वच्छ चमच्यानं काढा. आणि एक जपायचं: जेली मुरलेले कपडे चटकन पेट घेतात. चूल, गॅस, विडीच्या ठिणगीपासून लांब राहा.

इसबाच्या मलमात बहुधा स्टिरॉइड, म्हणजे दाह शमवणारं औषध, असतं. त्याची भीती निराधार नाही. गोरं होण्यासाठी, नायट्यासाठी दुकानातून परस्पर आणलेल्या मलमांनी चेहरे खराब झालेले मी पाहिलेत. म्हणूनच २०१८ मध्ये सरकारनं अशी १४ स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय न विकायच्या यादीत टाकली. पण इसबाच्या भडक्यात डॉक्टरांनी ठरवून दिलेलं मलम, ठरलेले दिवस, ठरलेल्या जागी लावणं ही वेगळीच गोष्ट आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढं मलम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ते बोटांसकट हाताच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. चेहऱ्याला आणि जांघेला सौम्य प्रकार देतात. भडका शमला की डॉक्टर सांगतील तसं ते बंद, मॉइश्चरायझर मात्र चालूच. महागडा डॉक्टर परवडत नसेल तर आपल्या सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्वचारोगाची ओपीडी आहे.

खाण्याचं पथ्य वाचून मला रागच आला. वाढत्या मुलाचं दूध, अंडी तपासणीशिवाय बंद केलं तर पोर वाळतं आणि इसब तसाच राहतो. शेंगदाण्याचं तर उलटंच दिसलंय. २०१५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं होती. ज्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. तीव्र इसब असलेल्या बाळाला सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा, आणि अख्खा दाणा कधीच नको, घशात अडकतो. पण ज्या गावात शेंगा चटणीशिवाय भाकरी उतरत नाही, तिथं उगाच ताटातून ती काढू नका. एखादा पदार्थ खाल्ल्याबरोबर ओठ सुजले, गांधी उठल्या, तर गोष्ट वेगळी, तेव्हा लगेच दाखवा.

लागण होत नाही. पोरीला कुशीत घेऊन झोपा. फक्त ओठांवर हर्पिसचे पाणीदार फोड उठलेल्या माणसानं तिचा पापा घेऊ नये. पिवळी खपली, पू, ताप किंवा दुखणारे बारीक फोड दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

राहिले २१ दिवस. पुष्कळ मुलांचा इसब मोठेपणी कमी होतो, माझ्यासारख्या काहींचा राहतो. गल्लीतल्या त्या पोरीला आता महिना झाला. फ्रॉक चिकटत नाही. रात्री अजून खाजवते, म्हणून आई दर रविवारी नखं कापते आणि अंथरुणावर जुन्या सुती साड्यांची वाकळ घालते.