तोंड ओळखीचं वाटलं, एवढ्यावर कुणाला चोर ठरवू नका

परवा आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा एका पोराचा फोटो आला. खाली 'संशयित, सावध राहा.' मी लगेच ॲडमिनला फोन करून तो काढायला लावला. काहीजण रागावलेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

दोन वर्षांमागं इथं बेळगावच्या टिळकवाडीत शेजारच्या मावशींचं गंठण संध्याकाळी कुणीतरी हिसकावलं. त्यांना चोर दिसला असेल दोन सेकंद, तोही दिव्याला पाठमोरा. दुसऱ्या दिवशी पालात राहणाऱ्या एका पोराचा फोटो ग्रुपवर पडला. मावशी दिवसभर तो मोठा करकरून बघत होत्या. चार दिवसांनी ओळख पटवायला बोलावलं, तर बोट थेट त्याच्यावर. "हेच की रे ते! डोळं बघ कसलं हाईत!" पोरगं त्या दिवशी मडगावात स्लॅबच्या कामावर होतं, मुकादमाच्या हजेरीत आणि तिथल्या कॅमेऱ्यातही. हे सिद्ध होईपर्यंत तेवीस दिवस ते आत होतं.

मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. फोटोतला चेहरा त्या संध्याकाळच्या आठवणीत जाऊन बसला होता. फॉरेन्सिक सायकॉलॉजी, म्हणजे गुन्हे आणि न्यायाच्या कामातलं मानसशास्त्र, म्हटलं की लोकांना चेहरा बघून खुनी ओळखणारा डिटेक्टिव्ह आठवतो. खरं तर साक्षीदाराची आठवण किती टिकते, कशानं बदलते, हा त्या शास्त्राचा मोठा भाग आहे.

१९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना त्याहून जोरदार शब्द वापरून, 'चक्काचूर' झाल्यासारखं विचारलं. आठवड्यानं प्रश्न केला, काचा फुटलेल्या दिसल्या का? फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. तरी जोरदार शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण 'हो' म्हणाले, साध्या शब्दाच्या ५० पैकी ७. एका क्रियापदानं हे झालं!

आता आपल्याकडं बघा. पोलिसांचा प्रश्न कन्नडात, साक्षीदाराचं उत्तर मराठीत, कागदावर पुन्हा कन्नड. कन्नडात 'होडी' म्हणजे मार, आणि गाडी हाकायलाही तेच. आपणही 'जोरात गाडी मारत आला' म्हणतोच. त्यातून ठोकर मारली असं कागदावर उतरलं तर? पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, कायदाच तसा आहे. सहीच नाही, मग काय लिहिलंय ते बघायचंही राहून जातं. म्हणून माझी कळकळीची विनंती: जबाब आपल्या भाषेत वाचून दाखवा म्हणून हट्ट धरा. हा भाषेचा अभिमान नव्हे, कुणाच्या तरी आयुष्याचा प्रश्न आहे.

आणि ते 'डोळं बघ'! इटलीच्या लोम्ब्रोसोनं एकोणिसाव्या शतकात कवटी-जबड्यावरून जन्मजात गुन्हेगार ओळखायचा सिद्धांत मांडला. तो कधीच मोडीत निघाला. इंग्रजांनी तर १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. सोलापूर, हुबळीला त्यांच्यासाठी सेटलमेंट, म्हणजे सक्तीनं ठेवायच्या वसाहती, होत्या. हुबळीत त्या भागाचं नाव अजून सेटलमेंटच आहे. कायदा १९५२ ला गेला, पण पालातल्या पोराचा फोटो आपण अजून तेवढ्याच सहज पुढं ढकलतो. मीही त्या वेळी ढकलला होता.

गेल्या महिन्यात मावशींना मडगावची सगळी हकीकत परत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "खरं असंल रे बाळ. पण डोळं मिटलं की मला तेच दिसतंय."