‘ऑनलाइन व्हेप नकली, दुकानातलं अस्सल’: एका फिरत्या मेसेजची झडती

हा मेसेज फिरत फिरत तुमच्यापर्यंतही आला असेल. मथळा साधारण असा: ‘व्हेपचं सामान ऑनलाइन मागवाल तर जीव गमावाल.’ (व्हेप म्हणजे ई-सिगारेट: बॅटरीवर लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायचं उपकरण.) खाली मुद्दे. दुकानातला माल अस्सल असतो, कारण दुकानदाराला गिऱ्हाइकाला रोज तोंड दाखवायचं असतं. अमेरिकेत फुप्फुसं निकामी होऊन माणसं मेली ती ऑनलाइन मागवलेल्या लिक्विडने. दुकानात बाटली हातात घेऊन पारखता येते. खोक्यावरचा कोड खरवडून तपासला की शंका उरत नाही. बॅटरी तर दुकानातलीच घ्यावी. माल खराब निघाला तर दुकानात बदलून मिळतो, ऑनलाइन पैसे बुडतात. आणि शेवटी, पोरांच्या हाती व्हेप जातं ते इंटरनेटमुळे.

सूर दुकानदाराचा वाटतो, पण कोणी लिहिलंय त्यापेक्षा काय लिहिलंय ते बघू. जो सिगारेट ओढत नाही आणि व्हेपही करत नाही त्याला यातलं काहीच विकत घ्यायचं कारण नाही, हे आधीच सांगून टाकतो. जे घेतात त्यांच्यासाठी पुढचं. माझं म्हणणं एवढंच, की सामान काउंटरवरून आलं की पार्सलमधून, यावरून ते कसं आहे हे कळत नाही. ते बनवलं कोणी आणि कारखान्यापासून तुमच्या हातापर्यंत त्याचा माग लागतो का, यावरून कळतं.

‘दुकानातला माल अस्सल असतो’

दुकानदार लिक्विड बनवत नाही, पॉड (लिक्विड राहतं ती छोटी डबी) बनवत नाही. तो घाऊक व्यापाऱ्याकडून आणतो, आणि तोच व्यापारी बऱ्याचदा वेबसाइटवाल्यांनाही माल देतो. कित्येक वेबसाइट म्हणजे एखाद्या दुकानाचाच दुसरा गल्ला असतो. नकली माल साखळीत वर कुठेतरी शिरला असेल तर तो दोन्हीकडे सारखाच पोचतो, आणि दुकानदाराला स्वतःलाही त्याचा पत्ता नसतो. त्याचा चेहरा प्रामाणिक असेल, पण बाटलीत काय भरलंय ते त्या चेहऱ्याला ठाऊक नाही.

शिवाय दुकानात मांडलेलं म्हणजे कायदेशीर, हेही खरं नाही. अमेरिकेत अन्न व औषध प्रशासनाची परवानगी घेतल्याशिवाय असं उत्पादन बाजारात आणता येत नाही, आणि अशी परवानगी मोजक्याच उत्पादनांना मिळालेली आहे. तरीही विनापरवाना डिस्पोजेबल, म्हणजे वापरून फेकायची, व्हेप उघड विकली जात होती. जून २०२३ मध्ये या प्रशासनाने एल्फ बार आणि एस्को बार ही अशी उत्पादनं विकल्याबद्दल १८९ किरकोळ विक्रेत्यांना ताकीदपत्रं धाडली. ब्रिटनमध्ये नियम आणखी सुटसुटीत आहेत: लिक्विडमध्ये निकोटिन मिलिलिटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम, निकोटिनच्या लिक्विडची बाटली १० मिलिलिटरची, टँक (उपकरणातली लिक्विडची टाकी) २ मिलिलिटरचा, आणि उत्पादनाची नोंद सरकारी यादीत. ही यादी कोणालाही उघडून बघता येते. तरीही तिथले तपासनीस बेकायदा व्हेप जप्त करतात त्यात कोपऱ्यावरची साधी दुकानं भरपूर असतात. एकट्या इंग्लंडमध्ये २०२३-२४ या वर्षात जप्त केलेल्या व्हेपचा आकडा दहा लाखांच्या वर गेला.

भारतात तर मेसेजचा हा मुद्दा उभाच राहत नाही. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, जाहिरात सगळंच बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा दुकान आणि वेबसाइट असा भेद करत नाही. म्हणजे इथे ‘ओळखीचं दुकान’ याचा अर्थ काउंटरखालून देणारं दुकान, आणि काउंटरखालून देणाऱ्याकडे बिल नसतं, की तक्रार घेऊन जायला जागा नसते. ऑस्ट्रेलियाने उलटी वाट धरली. १ जुलै २०२४ पासून तिथे व्हेप फक्त औषधांच्या दुकानात मिळतं. तिथे दुकान या शब्दाला खरंच वजन आहे, कारण त्यामागे फार्मासिस्ट आहे, ठरवून दिलेली मर्यादा आहे. ते वजन नियमाने आलंय, चार भिंतींनी नव्हे.

‘अमेरिकेतले मृत्यू ऑनलाइन लिक्विडमुळे झाले’

मेसेजमधला हा सगळ्यांत जोरकस मुद्दा, आणि सगळ्यांत चुकीचाही. २०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत धडधाकट तरुण माणसं धाप लागून रुग्णालयात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत रुग्णांची संख्या २,८०७ झाली आणि ६८ मृत्यूंची खातरजमा झाली. डॉक्टरांनी रुग्णांच्या फुप्फुसातलं पाणी काढून तपासलं तेव्हा ५१ पैकी ४८ जणांत एकच पदार्थ सापडला: व्हिटॅमिन ई ॲसिटेट. तुलनेसाठी घेतलेल्या ९९ निरोगी माणसांपैकी एकातही तो नव्हता.

हा पदार्थ तसा निरुपद्रवी मानला जातो. त्वचेच्या क्रीममध्ये असतो, पोटात घ्यायच्या गोळ्यांमध्ये असतो. पण गरम करून छातीत ओढला की गोष्ट वेगळी. तो व्हेपमध्ये आला कसा? बहुतेक रुग्ण गांजातल्या नशेच्या घटकाचं, म्हणजे टीएचसीचं तेल ओढत होते. हे तेल महाग आणि दाट. त्यात भेसळ करायची तर मिसळलेलं डोळ्याला कळायला नको. व्हिटॅमिन ई ॲसिटेट तसंच दाट आणि तसंच पिवळसर दिसतं, म्हणून भेसळ करणाऱ्यांनी ते उचललं.

आता माल आला कुठून? बहुसंख्य रुग्णांनी सांगितलं ते मित्र, नातेवाईक, गल्लीतला पुरवठादार असं. नाव वारंवार आलं ते ‘डँक व्हेप्स’चं, आणि या नावाचा कुठे एक कारखानाच नव्हता. छापील रिकामी खोकी आणि रिकामी कार्ट्रिज (तेल भरायच्या नळ्या) ऑनलाइन मिळत होती. ती मागवायची, घरात किंवा गोदामात भरायची आणि हातोहात विकायची. म्हणजे इंटरनेटचा हात होता तो खोक्यापुरता. विष भरलं गेलं जवळपासच, आणि विकलं बऱ्याचदा ओळखीच्याच माणसाने.

मेसेजवाल्यांना यात एक आधार मिळू शकतो, तोही सांगून टाकतो. सुमारे १४ टक्के रुग्णांनी आपण फक्त निकोटिनचीच उत्पादनं वापरली असं सांगितलं होतं. त्यातले काही टीएचसीचं नाव घ्यायला कचरले असतील, सगळेच नव्हे. पण हा आधारही ‘निकोटिनचं लिक्विड म्हणजे बिनघोर’ या समजाविरुद्ध जातो. ऑनलाइनविरुद्ध त्यातून काही सिद्ध होत नाही.

‘दुकानात बाटली पारखून घेता येते’

काय पारखणार? निकोटिनला रंग नाही म्हटलं तरी चालेल. उजेड आणि उष्णता लागली की ते हळूहळू तपकिरी होतं, पण व्हॅनिलासारख्या स्वादांनीही लिक्विड काळवंडतं. त्यामुळे रंगावरून शिळं-ताजं ठरवणं हा निव्वळ अंदाज. उलट काचेच्या कपाटात प्रखर दिव्याखाली महिनोन् महिने उभी असलेली बाटली दुकानातच दिसते. उन्हात तापलेल्या कुरिअरच्या गाडीतही तेच होतं म्हणा.

जे खरं महत्त्वाचं ते डोळ्याला दिसत नाही. ऑस्ट्रेलियात संशोधकांनी ‘निकोटिनमुक्त’ असं लेबल असलेली दहा लिक्विडं तपासली. दहापैकी सहांत निकोटिन निघालं. ही लिक्विडं दुकानांतूनही घेतली होती आणि ऑनलाइनही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ५१ स्वाद तपासले, त्यातल्या ३९ मध्ये डायॲसिटिल सापडलं. हे लोण्याचा वास देणारं रसायन. पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांना फुप्फुसांचा गंभीर विकार जडला होता तो याच्या वाफांमुळे. बाटली उजेडात धरून, हलवून, वास घेऊन यातलं काय कळणार?

हातात घेऊन बघता येतं ते लेबल. बॅच नंबर, उत्पादकाचा पत्ता, निकोटिनचं प्रमाण, मुलांना सहज न उघडणारं झाकण, आत माहितीपत्रक. हे दुकानात तपासता येतं, हा फायदा मान्य. बरी वेबसाइट त्याच बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल टाकते, आणि तो मी तरी कुठल्या काउंटरवर मांडलेला पाहिला नाही.

‘कोड खरवडा, शंका मिटवा’

जो खोकं हुबेहूब छापतो त्याला कोड छापायला काय अडचण? एका अस्सल खोक्यावरचा कोड हजार नकली खोक्यांवर चढवता येतो. क्यूआर कोड तर नकली माल बनवणाऱ्याच्याच वेबसाइटवर नेऊन ‘अभिनंदन, उत्पादन अस्सल आहे’ असं सांगू शकतो. तपासायचंच असेल तर कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून तिच्या साइटवर जा, खोक्याने दाखवलेल्या वाटेने नको. आणि ‘हा कोड आधीही तपासला गेलाय’ असं उत्तर आलं तर ते गंभीरपणे घ्या.

‘बॅटरी दुकानातलीच घ्या’

इथे जरा थांबू, कारण या मुद्द्यात खरं आणि खोटं एकमेकांत मिसळलेलं आहे. मॉडमध्ये, म्हणजे मोठ्या, जास्त ताकदीच्या व्हेपमध्ये, सुटे सेल लागतात, बहुतेक वेळा १८६५० या मापाचे: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. सॅमसंग, एलजी, पॅनासोनिक, मुराता (पूर्वीचा सोनीचा विभाग) हे त्याचे नावाजलेले उत्पादक. आणि गंमत अशी, की हे मोठे उत्पादक असे सेल ग्राहकाला सुटे विकण्यासाठी बनवतच नाहीत. ते पॉवर टूलसारख्या उपकरणांच्या पॅकमध्ये, संरक्षक सर्किटसकट बसवण्यासाठी असतात. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये लोकांना सुटे १८६५० विकत घेऊ नका, वापरू नका, असं स्पष्ट सांगितलं. म्हणजे दुकानात मांडलेला सुटा सेल हा आधीच मूळ वाट सोडून आलेला असतो. त्यात कधी जुन्या पॅकमधून काढलेला सेल असतो, कधी नाकारलेला. वर नवीन वेष्टन चढवलं की झालं.

नकली ओळखायची एक खूण आकड्यातच आहे. या मापाच्या सेलची क्षमता ३,५०० एमएएचच्या (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं हे माप) आसपास जाऊन थबकते, आणि व्हेपला लागतो तसा जास्त करंट देणारे सेल बहुधा २,५०० ते ३,००० च्या दरम्यान. वेष्टनावर ९,९०० लिहिलं असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या जवळपास भरतो. बराच हलका लागला तर आत माल कमी आहे. वजन आणि वेष्टनावरची चीर दुकानात बघता येते, म्हणून एवढ्यापुरता दुकानाचा मुद्दा ग्राह्य.

पण फक्त सेलच विकणारे, ते स्वतंत्र चाचणीला पाठवणारे आणि किती अँपिअरला तापतो त्याचे आलेख टाकणारे विक्रेते ऑनलाइनच सापडतात. व्हेपच्या दुकानात सेल ही गल्ल्याजवळच्या डब्यात ठेवलेली जोडवस्तू असते. ऑनलाइन धोका ओळखायलाही एक सोपा निकष आहे. सुटे लिथियम-आयन सेल प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून मनाई आहे, आणि मालवाहू विमानातून पाठवतानाही ते ३० टक्क्यांहून जास्त चार्ज केलेले चालत नाहीत. तेव्हा दूरच्या देशातून साध्या पाकिटात, ‘भेटवस्तू’ असं लिहून कोणी सेल पाठवत असेल, तर तो विमान कंपनीशी खोटं बोलतोय. तो तुमच्याशी खरं बोलत असेल असं मानायचं काही कारण नाही.

(सेल कुठूनही घ्या, खिशात किल्ल्यांसोबत सुटा टाकू नका. दोन टोकं धातूने जोडली गेली की मांडी भाजते.)

‘ऑनलाइन पैसे बुडतात’

परदेशातला, पत्ता नसलेला विक्रेता असेल तर बुडतात. पण युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये कायदा मेसेजच्या नेमका उलट आहे. दूरवरून मागवलेली वस्तू १४ दिवसांत, कारण न देता परत करता येते. दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला हा हक्क आपोआप लागू होत नाही. ती सदोष नसेल तर बदलून देणं ही दुकानदाराची मर्जी. सील फोडलेली कॉइल (लिक्विड तापवणारी तार), तोंडाला लावलेला पॉड मात्र स्वच्छतेच्या कारणाने दोन्हीकडे परत घेत नाहीत.

‘पोरांना इंटरनेटवरून मिळतं’

यात बरंच तथ्य आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, १४ ते १७ वर्षांच्या मुलांकडून संशोधकांच्या देखरेखीखाली ९८ ऑनलाइन ऑर्डर करवल्या. ७५ घरी पोचल्या. वय तपासून नाकारलेल्या फक्त पाच. पोचलेल्यांपैकी ९५ टक्के पार्सलं नुसती दारात ठेवून दिली होती. पुढे डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत कायदा कडक झाला. पार्सल सज्ञान माणसाच्या सहीनेच द्यायचं ठरलं, आणि २०२१ पासून सरकारी टपालाने ग्राहकाला व्हेप पाठवणं जवळजवळ बंद झालं.

मेसेज सोयीस्करपणे विसरतो ते काउंटरवरचं. ब्रिटनमध्ये तपासनीस अल्पवयीन मुलांना साध्या वेशात दुकानात पाठवतात, आणि ओळखपत्र न मागता विकणारी दुकानं दर मोहिमेत सापडतात. मुलांना विचारलं तर ती बहुधा मित्राचं नाव सांगतात, आणि त्या मित्राने कुठून आणलं ते पार्सल बघूनही कळत नाही, पिशवी बघूनही नाही.

दुकानाची खरी जमेची बाजू मात्र मेसेजने घेतलेलीच नाही. सिगारेट सोडायला निघालेला नवखा माणूस बहुतेक वेळा चुकतो तो जोडणीत. २० मिलिग्रॅमचं निकोटिन सॉल्ट, म्हणजे लहान पॉडसाठीचं तीव्र लिक्विड, भरपूर वाफ काढणाऱ्या मोठ्या टँकमध्ये भरतो, पहिल्याच झुरक्याला ठसका लागतो, आणि परत सिगारेटकडे वळतो. किंवा नवी कॉइल बसवून लगेच ओढतो. आतला कापूस लिक्विडने भिजायला पाच-दहा मिनिटं लागतात. ती न दिल्याने कॉइल जळते आणि ‘माल नकली’ अशी तक्रार सुरू होते. कुठल्या पॉडला किती ओहमची कॉइल आणि कुठलं लिक्विड, हे समोर उभं राहून दाखवणारा जाणकार माणूस वेबसाइटवर मिळत नाही. म्हणून पहिलं उपकरण, जिथे कायदा परवानगी देतो तिथे, दुकानातून घ्यावं. त्यानंतर त्याच नंबरची कॉइल संपली की ती कुठूनही आली तरी फरक पडत नाही, फक्त खोक्यावर उत्पादकाचं नाव, बॅच नंबर आणि हातात बिल असू द्या.